शेरा आणि निदान

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे कितीतरी विद्यार्थी आज समोर बसले आहेत. शिक्षकाच्या नावाच्या व्यासपीठावर मनोविकारतज्ज्ञाला बोलावलं, तर विषय मुलांचा असणार असं वाटणं साहजिक आहे. व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनाही तसंच वाटलं. ‘प्रौढांमधलं एडीएचडी : तपासणी आणि उपचार’ असा विषय मी कळवला, तेव्हा त्यांचा फोन आला. “बाई, मुलांमधलं म्हणायचंय ना? पत्रिका छापायला द्यायची आहे.” पत्रिका बरोबर छापली आहे. मी मोठ्या माणसांविषयीच बोलणार आहे. नोकरी करणाऱ्या, संसार करणाऱ्या, केस पांढरे झालेल्या माणसांविषयी.

पण सुरुवात शाळेपासूनच करावी लागेल. आपल्या प्रगतिपुस्तकात शेवटी शेऱ्यासाठी एक रकाना असतो. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ ‘बडबड फार.’ ‘अक्षर सुधारावे.’ ‘वह्या अपूर्ण.’ शिक्षक दोन ओळी लिहितात आणि पुढच्या मुलाकडे वळतात. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात ते आणखी काय करणार? प्रश्न त्या दोन ओळींचा नाही. प्रश्न असा की काही जणांच्या बाबतीत हाच शेरा पुढे वडील मारतात, मग साहेब मारतात, मग बायको किंवा नवरा मारतो, आणि शेवटी माणूस स्वतःच स्वतःवर मारू लागतो. मी आळशी आहे. मी बेजबाबदार आहे. माझ्या हातून काही पूर्ण होत नाही.

आज मला तीन गोष्टी मांडायच्या आहेत. पहिली, हे आहे काय आणि मोठेपणी ते कसं दिसतं. दुसरी, त्याची तपासणी कशी होते. तिसरी, उपचार कोणते आणि ते मिळवताना काय आडवं येतं. तिन्हींच्या मागे माझं म्हणणं एकच आहे. माझ्याकडे येणाऱ्या अशा बहुतेक माणसांचा निवाडा शेकडो वेळा होऊन गेलेला असतो, आणि तपासणी एकदाही झालेली नसते.

तर पहिला मुद्दा. एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. मेंदूच्या जडणघडणीशी निगडित अशी, लहानपणापासून असणारी ही अवस्था आहे. तिची अंगं तीन : लक्ष टिकवता न येणं, सतत चुळबुळ, आणि विचार करायच्या आत कृती होऊन जाणं. तिन्ही प्रत्येकात सारखीच असतील असं नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं की यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे, सत्तर ते ऐंशी टक्क्यांच्या घरात. आणि प्रौढांमधलं प्रमाण? जगभरातल्या पाहण्यांचा गोषवारा घेतला तर साधारण अडीच टक्के. म्हणजे दोनशे माणसांच्या सभागृहात पाच जण. (कृपा करून लगेच शेजाऱ्याकडे बघू नका.)

घरच्यांचा एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. “डॉक्टर, याला लक्ष देता येत नाही म्हणता, मग आवडीच्या गोष्टीत बरं लागतं याचं लक्ष! हिशेबाची वही दहा मिनिटं बघवत नाही, आणि मोटरसायकलचं इंजिन उघडून रात्री तीनपर्यंत बसतो.” खरं आहे, बसतो. हे नगरपालिकेच्या नळासारखं आहे. पाणी नाही असं नाही. पण ते कधी येणार आणि किती जोरानं येणार, हे घरातल्या माणसाच्या हातात नाही. आलं की हंडे भरून वाहतात, आणि हवं तेव्हा तोटी कोरडी. म्हणून ‘मनात आणलं तर करतो’ हा टोमणा फार अन्यायाचा आहे. मनात आणणं हीच तर अडचण आहे.

मोठेपणी हे कसं दिसतं? मी तीन माणसं सांगते. तिन्ही अनेकांची मिळून बनवलेली आहेत, तेव्हा कोणी स्वतःला शोधू नये.

पहिला तिशीकडे झुकलेला. अभियांत्रिकीत केटी लागत लागत पास झाला, आता पुण्यात स्पर्धा परीक्षा करतो. पुस्तकं सगळी घेतलेली, प्रत्येकाची पहिली पन्नास पानं रंगवलेली. दर महिन्याला नवं वेळापत्रक. आईवडील गावाकडून पैसे पाठवतात आणि तो दर फोनवर सांगतो, चालू आहे अभ्यास. तो खोटं बोलत नसतो. तो दिवसभर पुस्तकासमोर असतोच.

दुसरी चाळिशीतली. बँकेत नोकरी, घरी दोन मुलं. गॅसवर दूध ठेवून दुसऱ्या खोलीत गेली की दूध गेलंच. मुलाच्या सहलीचे पैसे भरायची तारीख उलटून जाते. मैत्रिणीला फोन करायचा राहतो, मग इतके दिवस राहतो की करायची लाज वाटते, मग मैत्रीच तुटते. बँकेत मात्र तिच्या हातून चूक होत नाही, कारण ती प्रत्येक आकडा चार वेळा तपासते. संध्याकाळी ती इतकी दमलेली असते की घरचे विचारतात, बसूनच तर काम असतं तुझं?

तिसरा पन्नाशीतला व्यापारी. गिऱ्हाईक जोडावं तर यानंच. पण जीएसटीचं विवरणपत्र दर वेळी विलंब शुल्कासकट. रागाच्या भरात दोन चांगले कामगार गमावलेले. बोलताना दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही.

या तिघांत वर्गभर धावणारं, बाकावर चढणारं मूल तुम्हाला दिसतं का? दिसणार नाही. वयाबरोबर ती धावपळ आत जाते. बाहेरून माणूस खुर्चीत शांत बसलेला असतो आणि आत एकाच वेळी चार रेडिओ केंद्रं लागलेली असतात.

मग तुम्ही विचाराल, हे लहानपणापासूनचं आहे तर इतकी वर्षं कळलं कसं नाही? दोन कारणं सांगते. पहिलं आपल्या घरातलं. आपल्याकडे मुलाला आई उठवते, आई डबा भरते, आजी वह्या शोधून देते, शाळेची घंटा वेळ सांगते, क्लासचे सर सराव घेतात. या सगळ्यांनी मिळून त्या मुलाची उणीव भरून काढलेली असते आणि कोणाला, अगदी त्यालाही, पत्ता नसतो. मग नोकरी लागते, बदली होते, लग्न होतं, पहिलं मूल होतं. आता स्वतःला उठवायचं, वर दुसऱ्यालाही उठवायचं. पडझड तिथे होते. २०२० साली घरून काम सुरू झालं, तेव्हा ऑफिसची बस, बाजूचा सहकारी, समोरचा साहेब हे सगळे टेकू एकदम निघाले. आपल्याला नक्की काय होतं, हा प्रश्न अनेकांना पहिल्यांदा तेव्हा पडला. मुलींचं तर आणखी वेगळं. खिडकीबाहेर बघत स्वतःशीच हरवलेली मुलगी कोणाला त्रास देत नाही. त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. पुढे तिच्या मुलाचं निदान होतं, डॉक्टर लक्षणं वाचून दाखवतात, आणि आईच्या डोळ्यांत पाणी येतं. ते पाणी नेहमी मुलासाठीच असतं असं नाही.

दुसरं कारण खुद्द वैद्यकशास्त्रातलं आहे, म्हणून थोडं इतिहासात जाऊ.

लक्षाच्या विकारांचं वर्णन काही आजचं नाही. मेल्खिओर आडाम वाइकार्ड या जर्मन वैद्यानं ते १७७५ च्या सुमारास केलं. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरनं १७९८ साली जवळपास आजच्यासारखं चित्र रेखाटलं, आणि जाता जाता लिहून ठेवलं की वयाबरोबर हे बहुधा कमी होतं. मग येतात लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल, १९०२ साली. आपल्यासारख्या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे, त्यांनी आपलं म्हणणं मांडलं तेही व्याख्यानांतूनच. थिओडोर गुलस्टन नावाच्या सतराव्या शतकातल्या डॉक्टरनं मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशांतून तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये व्याख्यानं चालतात, त्यांतली ती तीन. बुद्धीनं धड असलेली, तरी स्वतःला आवरू न शकणारी मुलं स्टिल यांनी वर्णन केली. हा दोष वाईट संगोपनातून येतो असं नाही, त्यामागे शारीरिक कारण असू शकतं, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. पण त्याला नाव काय दिलं? नैतिक नियंत्रणातला दोष. पाहिलंत? तपासणी केली, तरी शेरा सुटला नाही.

नंतर १९३७ साल. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या मुलांच्या एका रुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर होते. मेंदूच्या एका तपासणीसाठी मुलांच्या पाठीतलं पाणी काढावं लागे आणि मग मुलांचं डोकं भयंकर दुखे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिलं. डोकेदुखीत फारसा फरक पडला नाही. फरक दिसला तो शाळेच्या कामात. तीस मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांचा अभ्यास पाहता पाहता सुधारला. मुलांनी त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणायला सुरुवात केली. उत्तेजक द्यावं आणि मूल शांत व्हावं, हे तेव्हा सगळ्यांनाच कोड्यात टाकणारं होतं. पुढे १९४४ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानित्सोन या रसायनशास्त्रज्ञानं मेथिलफेनिडेट तयार केलं. आज आपल्याकडे प्रामुख्यानं वापरतात ते हेच.

औषध सापडलं, पण कोणासाठी? मुलांसाठी. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९६८ साली निदानाची जी पुस्तिका काढली, तिच्यात ही बालपणीची प्रतिक्रिया मानली होती आणि पौगंडावस्थेत ती बहुधा ओसरते असं म्हटलं होतं. क्रायटन यांचं १७९८ चं वाक्य १७० वर्षांनी तसंच उभं! या मुलांचं पुढे काय झालं, हे ती मोठी होईपर्यंत त्यांच्या मागे राहून कोणी पाहिलं? कॅनडात माँट्रियलला गॅब्रिएल वाइस आणि लिली हेक्टमन या दोघींनी ते चिकाटीनं पाहिलं. अमेरिकेत युटा इथे पॉल वेंडर यांनी प्रौढांसाठी निदानाचे वेगळे निकष मांडले. लक्षात आलं की बऱ्याच जणांचं ओसरत नाही, फक्त रूप बदलतं. तरी अधिकृत पुस्तिकेत प्रौढांसाठी स्वतंत्र मोजमाप यायला २०१३ साल उजाडलं. आज सभागृहात जे पन्नाशीचे आहेत, ते शाळेत असताना हे मोठेपणीही टिकतं असं फारसं कोणी मानत नव्हतं. मोठेपणी त्यांचं निदान झालं नाही, यात नवल काय? त्यांच्या डॉक्टरांच्या पुस्तकातही मोठ्यांसाठी वेगळं मोजमाप नव्हतं.

आता दुसरा मुद्दा, तपासणी. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यांत जास्त गोंधळ इथे आहे.

रक्त तपासून एडीएचडी कळत नाही. एमआरआय काढून कळत नाही. मेंदूचा आलेख काढून देतो आणि त्यावरून सांगतो, असं कोणी म्हणालं तर पैसे जपून ठेवा. संगणकावर बटण दाबायच्या चाचण्या असतात, त्यांचा थोडा उपयोग होतो, पण निकाल त्यांच्यावर लागत नाही. ही तपासणी म्हणजे एका माणसाच्या आयुष्याची नीट, सावकाश, खोदून खोदून घेतलेली माहिती. दहा मिनिटांत ती होत नाही. कधी दोन, कधी तीन बैठका लागतात.

मग मोबाइलवर फिरते ती प्रश्नावली? जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्यानं तयार झालेली अठरा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, तिच्यातले पहिले सहा चाळणीसाठी वापरतात. चांगलं साधन आहे. पण चाळणी ती चाळणीच. काम शेवटाला नेताना अडचण येते का, भेटी विसरता का, असं विचारल्यावर मार्च अखेरीला कोण नाही म्हणेल? तिचं उत्तर ‘जाऊन दाखवा’ इतकंच असतं. ‘तुम्हाला आहे’ असं ती सांगत नाही.

प्रत्यक्ष तपासणीत आम्ही मुख्यतः चार गोष्टी शोधतो.

पहिली, कधीपासून? काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात. गेल्या दोन वर्षांत लक्ष उडालं असेल, तर ते दुसरं काहीतरी आहे, आणि ते दुसरं शोधायला हवं. इथे माळ्यावरच्या ट्रंकेतली प्रगतिपुस्तकं कामाला येतात. मघाशी मी ज्या शेऱ्याबद्दल बोलले, तोच इथे पुरावा होतो. तिसरीतल्या बाईंनी ‘वर्गात असूनही नसल्यासारखा’ असं लिहिलेलं असतं, पाचवीतल्या सरांनी ‘डबा, छत्री, दप्तर शाळेत विसरतो’ असं लिहिलेलं असतं. शिक्षकांनी पाहिलं होतं. अगदी बरोबर पाहिलं होतं. त्यापुढे नेणारा रस्ता तेव्हा नव्हता.

दुसरी, कुठे कुठे? अडचण निदान दोन ठिकाणी दिसायला हवी. फक्त एकाच साहेबाच्या हाताखाली लक्ष लागत नसेल, तर तपासणी साहेबाची करावी. (हशा)

तिसरी, किती? अठरा लक्षणांची यादी असते, नऊ लक्षाबाबतची, नऊ चुळबुळ आणि उतावळेपणाची. प्रौढांत कोणत्याही एका गटातली किमान पाच, सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकलेली असावी लागतात. पण मोजणीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्यांची किंमत. चष्मा सगळेच विसरतात. विसरण्यापायी नोकरी जाते का, कर्ज वाढतं का, वाहन धडकतं का, नाती तुटतात का?

चौथी, आणखी काय असू शकतं? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. थायरॉइड बिघडलं तर लक्ष उडतं. आपल्या बायकांमध्ये घरोघरी असणारा रक्तक्षय, त्यानंही उडतं. रात्री घोरणारा, झोपेत श्वास अडकणारा माणूस दिवसा पेंगतो. नैराश्य, चिंता, बायपोलर आजार, दारू, आणि रात्री दोनपर्यंत हातात असलेला फोन, ही सगळी मंडळी एडीएचडीचं सोंग आणू शकतात. त्यात गुंतागुंत अशी की ती एडीएचडीच्या जोडीनंही असतात. वर्षानुवर्षं बोलणी खाल्लेल्या माणसाला नैराश्य येणार नाही तर काय होईल? म्हणून ‘हे की ते’ असं नेहमी नसतं. पुष्कळदा ‘हे आणि ते’ असतं, आणि आधी कशावर उपचार करायचे ते ठरवावं लागतं.

याशिवाय आम्ही जवळचं माणूस बोलावतो. आई, मोठा भाऊ, जोडीदार. ही भेट मोठी बघण्यासारखी असते. आई पदर सावरून सांगते, “नाही हो डॉक्टर, लहानपणी अगदी गुणी होता.” लेकराला कमीपणा येऊ नये, बाकी काही नाही. मग मी विचारते, अभ्यासाला कसा बसायचा? “मी शेजारी बसले की बसायचा.” आणि तुम्ही उठलात की? आई हसते. वडिलांचं उत्तर ठरलेलं. “यात आजार कसला? मीसुद्धा असाच होतो.” आनुवंशिकतेचा याहून चांगला पुरावा मी कुठून आणू?

तपासणी करायची कोणी? मनोविकारतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मिळून करतात. औषध लिहायचा अधिकार मात्र डॉक्टरचा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतात, केस पेपर काढून तिथे जाता येतं. कुठे जावं हेच सुचत नसेल, तर टेलिमानस ही सरकारी दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६.

आणि एक सांगून ठेवते. तपासणीचं उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकतं. असलेलं एडीएचडी नजरेतून सुटणं वाईट, तसं नसलेलं चिकटवणंही वाईट. समाजमाध्यमांवर अर्ध्या मिनिटाची चित्रफीत पाहून स्वतःचं निदान ठरवणं हाही निवाडाच. फक्त तो आपण स्वतःच्या बाजूनं दिलेला असतो.

तिसरा मुद्दा, उपचार.

औषधांबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, या नशेच्या गोळ्या आहेत. दुसरं म्हणतं, गोळी घेतली की माणूस सरळ. दोन्ही चूक. मेथिलफेनिडेट मेंदूच्या पेशींमधल्या जागेत डोपामिन आणि नॉरॲड्रिनलिन ही द्रव्यं जास्त वेळ राहू देतं. त्याचा परिणाम तासाभरात जाणवतो. साधी गोळी तीन-चार तास चालते, हळूहळू विरघळणारी आठ तास किंवा जास्त. कमी मात्रेपासून सुरू करायचं, रक्तदाब, नाडी, वजन बघत वाढवायचं. घराण्यात हृदयविकार आहे का, हे आधी विचारायचं. भूक मंदावते, झोप उडू शकते, छाती धडधडू शकते, चिडचिड होऊ शकते. दुसरं औषध ॲटोमॉक्सेटिन. ते उत्तेजकांत मोडत नाही. रोज घ्यावं लागतं आणि पुरता गुण दिसायला काही आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात मळमळलं म्हणून सोडून देणारे पुष्कळ, त्यांना मी आधीच सांगून ठेवते.

याचा उपयोग किती? स्वीडनमधला २०१२ चा एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. एडीएचडीचं निदान झालेल्या पंचवीस हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या. तीच माणसं, औषध घेत असतानाचा काळ आणि घेत नसतानाचा काळ. औषधाच्या काळात गुन्ह्यांत सापडण्याचं प्रमाण पुरुषांत सुमारे एक तृतीयांशानं कमी, स्त्रियांत त्याहूनही कमी. माणूस तोच, संस्कार तेच, घर तेच. मग आपण ज्याला चारित्र्य म्हणत होतो, त्यात मेंदूच्या रसायनाचा हिस्सा किती होता?

आता अडचण ऐका. मेथिलफेनिडेट १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत येतं आणि औषधांच्या नियमावलीत अनुसूची एक्समध्ये आहे. म्हणजे चिठ्ठी दोन प्रतींत, एक प्रत दुकानदारानं दोन वर्षं जपायची, त्याला वेगळा परवाना, माल कुलपात. गैरवापर होऊ शकतो, म्हणून नियम आहेत आणि ते असावेत. पण परिणाम काय होतो? बहुतेक दुकानदार म्हणतात, कोण या भानगडीत पडणार. तालुक्याच्या गावी औषध मिळत नाही. एखाद्या मोठ्या शहरात मिळतं, तेही ठरावीक दुकानात. आणि गंमत पाहा. ज्या माणसाला कागद सांभाळता येत नाहीत, तारखा लक्षात राहत नाहीत, गोळ्या संपायच्या आत आठवण होत नाही, नेमकं त्यालाच आपण म्हणतो, दोन प्रती आण, तारीख बघ, संपायच्या आधी ये. ज्या दुखण्यासाठी औषध, तेच दुखणं औषधाच्या वाटेत उभं. अमेरिकेत दिली जाणारी ॲम्फेटामिन वर्गातली औषधं तर आपल्याकडे बाजारात सहसा मिळत नाहीत. न्यू जर्सीहून कायमची परतलेली मुलं माझ्याकडे तिथली बाटली घेऊन येतात, तेव्हा पर्यायी औषधानं पुन्हा पहिल्यापासून मात्रा बसवावी लागते. परतायच्या आधी तिथल्या आणि इथल्या डॉक्टरांशी बोलून घ्या, हे तुमच्या नात्यातल्यांना जरूर कळवा.

गोळी लक्ष देऊ शकते. लक्ष कशाकडे द्यायचं, हे गोळी सांगत नाही. गोळी घेऊन तुम्ही चार तास तल्लीन होऊन कपाटातली जुनी बिलं लावत बसू शकता, आणि ज्याची आज शेवटची तारीख आहे तो अर्ज तसाच राहतो. म्हणून दुसरा अर्धा उपचार म्हणजे जगण्याची घडी बसवणं. वर्तन आणि विचार यांवर काम करणारी मानसोपचाराची पद्धत प्रौढांसाठी तयार झाली आहे, तिचा उपयोग होतो. तिचं सार साध्या शब्दांत सांगू? डोक्यावर विश्वास ठेवू नका. जे लक्षात ठेवायचं ते डोक्याबाहेर ठेवा. वीजबिल, हप्ता, विमा बँकेतून आपोआप वळता करा. किल्ली, पाकीट, डबा यांना दाराजवळ एकच जागा. ‘प्रबंध लिहिणे’ असं यादीत लिहू नका, ‘फाइल उघडून पहिला परिच्छेद वाचणे’ असं लिहा. आणि कोणाच्या तरी सोबतीनं काम करा. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका का भरलेल्या असतात? पुस्तक घरीही असतं. पण शेजारी मान खाली घालून वाचणारा माणूस घरी नसतो. ती लहानपणची शेजारी बसणारी आई आठवते का? तीच ही युक्ती, फक्त आता लाज न बाळगता करायची.

निदानानंतर मनात काय होतं, त्याकडेही बघायला हवं. आधी सुटल्यासारखं वाटतं. म्हणजे मी वाईट नव्हतो तर! आणि काही दिवसांनी दुःख येतं. हे विसाव्या वर्षी कळलं असतं तर? ते वडील आता नाहीत ज्यांना हे दाखवायचं होतं. या दुःखाला वेळ द्यावा लागतो. घाईनं समजूत घालू नये. मग जोडीदाराचा प्रश्न. वर्षानुवर्षं आठवण करून देण्याचं काम जिनं किंवा ज्यानं केलं, त्याचाही थकवा खरा असतो. ‘मला एडीएचडी आहे’ या वाक्यानं ते काम माफ होत नाही. जबाबदारी तिथेच राहते, ती पार पाडायची साधनं बदलतात. एरवी जुन्या शेऱ्याच्या जागी नवा शेरा येईल, इतकंच.

समाज म्हणून आपण कुठे आहोत? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे. एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, तो विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखं वागवायला सांगतो. पण आपले बहुतेक विमे रुग्णालयात दाखल झाल्यावर पैसे देतात, आणि या अवस्थेत कोणी दाखल होत नाही. तपासणीच्या बैठका आणि महिन्याची औषधं स्वतःच्या खिशातून. कायद्याचा हात इथे पोचलेला नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

आता गोषवारा. एडीएचडी मोठेपणीही असतं, कारण अनेकांच्या बाबतीत ते लहानपणीच संपत नाही. त्याची तपासणी यंत्रानं होत नाही, माहिती घेऊन होते, आणि ती ‘नाही’ असंही सांगू शकते. औषध उपयोगी आहे, मिळवायला कटकटीचं आहे, आणि एकटं पुरेसं नाही.

सभागृहात शिक्षक आहेत. त्यांना माझी विनंती : शेरा जरूर लिहा, पण ‘लक्ष देत नाही’ एवढ्यावर थांबू नका, कधी देत नाही आणि कधी देतो, तेही लिहा. तीस वर्षांनी एखादा डॉक्टर तो वाचणार आहे. औषध दुकानदार असतील, तर गावात निदान एका दुकानानं तो परवाना घ्यावा. नोकरी देणाऱ्यांनी तोंडी सांगितलेलं काम दोन ओळींत लिहून पाठवावं, खर्च काही नाही.

आणि स्वतःबद्दल ज्यांच्या मनात शंका आली असेल, त्यांना एवढंच. इथून बाहेर पडताना स्वतःला काही ठरवून टाकू नका. मनोविकारतज्ज्ञाची वेळ घ्या. जाताना जुनी प्रगतिपुस्तकं न्या, आणि तुम्हाला लहानपणापासून ओळखणारं एक माणूस बरोबर न्या. आणि हो, भेटीची तारीख तुमच्या एकट्याच्या लक्षात ठेवू नका. त्या माणसाच्या फोनमध्येही गजर लावून ठेवा.